‘गो’चं ‘वेन्ट’ का होतं? आणि ‘जा’चं ‘गेला’ का होतं?

ओसरीवरून

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. पहिलीत, इंग्रजी माध्यमात. परवा त्याच्या वहीत एक वाक्य दिसलं: ‘आय गोएड टु आजीज हाउस.’ बाईंनी ‘गोएड’वर लाल रेघ मारून वर ‘वेन्ट’ लिहिलं होतं आणि तो शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला होता. पाच-सहा वेळा लिहून झाल्यावर त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "आई, वॉकचं वॉक्ड होतं, प्लेचं प्लेड होतं. मग गोचं वेन्ट का? वेन्टमध्ये गो तर कुठेच नाही."

मी नेहमीचं उत्तर दिलं. इंग्रजी असंच असतं रे, पाठ करून टाक.

अर्ध्या तासानं जेवायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "गृहपाठ सगळा करला मी." मी सवयीनं म्हटलं, "करला नाही, केला म्हणायचं." म्हटलं आणि हातातला घास तसाच राहिला. पोरगं दोन्ही भाषांत एकच गोष्ट करत होतं! चाल-चालला, बस-बसला, म्हणून कर-करला. वॉक-वॉक्ड, म्हणून गो-गोएड. कुणी न शिकवता त्यानं नियम शोधून काढला होता, आणि आम्ही मोठी माणसं त्याला दोन्हीकडून गप्प करत होतो.

रात्री माळ्यावरून एम. ए.च्या वेळच्या भाषाशास्त्राच्या वह्या काढल्या. त्यात होतं ते आणि नंतर जे वाचलं ते इथे मांडते.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत जाण्यासाठी ‘गान’ असं क्रियापद होतं. आजचा ‘गो’ त्यातूनच आला. जर्मन ‘गेहेन’ आणि डच ‘गान’ ही त्याची सख्खी भावंडं. गंमत अशी की त्या काळातही ‘गान’ला स्वतःचा भूतकाळ नव्हता. ‘तो गेला’ म्हणायचं तर ‘एओदे’ म्हणत, आणि या ‘एओदे’त ‘ग’चा पत्ताच नाही. म्हणजे माझ्या मुलाला जे खटकलं ते ‘वेन्ट’ यायच्या आधीपासूनच तसं होतं.

‘वेन्ट’ आला दुसऱ्याच घरातून. ‘वेन्दन’ असं एक क्रियापद होतं, अर्थ वळणे, वळवणे. वाट वळवून चालू लागणे, अशा अर्थानं ते जाण्याच्या जवळ सरकत गेलं. पुढे त्याचं रूप ‘वेन्ड’ झालं आणि भूतकाळ ‘वेन्ट’. सेन्डचं सेन्ट, बेन्डचं बेन्ट, लेन्डचं लेन्ट, स्पेन्डचं स्पेन्ट, तसंच वेन्डचं वेन्ट. यात काहीच विचित्र नाही. इकडे ‘एओदे’ची रूपं झिजून ‘येद’, ‘योद’ अशी झाली होती आणि ती मागे पडत चालली होती. पंधराव्या शतकाच्या आसपास ‘गो’नं ‘वेन्ड’चा ‘वेन्ट’ दत्तक घेतला. मूळ घरी ‘वेन्ड’ एकटा राहिला, त्याला लोकांनी मग ‘वेन्डेड’ असा नवा भूतकाळ करून दिला. आज तो शब्द ‘आपली वाट धरणे’ अशा एखाद्या वाक्प्रचारात तेवढा भेटतो.

आता आपल्याकडे बघा. जा, जातो, जाईन, जायचं, आणि मग एकदम ‘गेला’. ‘गेला’त ‘जा’ कुठे आहे? कुठेच नाही. ‘जाणे’ आलं संस्कृतच्या ‘या’ धातूवरून: याति, प्राकृतात ‘जाइ’, मराठीत ‘जाय’, ‘जातो’. यात्रा, यान हे शब्द त्याच घरातले. ‘गेला’ आला ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. प्राकृतात ‘गत’चा ‘गय’ झाला, त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि झिजत झिजत ‘गेला’ झाला. हिंदीचं जाता-गया, गुजरातीचं जवुं-गयो, बंगालीचं जावा-गेलो, सगळीकडे हेच. म्हणजे आपणही दोन घरांचं एक घर करून नांदतोय, आणि ‘वेन्ट’कडे बघून ‘काय ही भाषा’ म्हणतोय.

‘केला’ची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे दत्तक वगैरे काही नाही. कृत, मृत, गत हे तीन शब्द शेजारी लिहा आणि खाली केला, मेला, गेला लिहा. एकाच साच्यातून निघालेत. ‘कृत’मधला ऋ आणि त दोन्ही झिजून गेले, वर ‘इल्ल’ बसला. ‘केला’ हा ‘कर’चाच सख्खा मुलगा आहे, फक्त चेहरा ओळखू येत नाही इतका बदललाय. माझ्या मुलानं ‘करला’ म्हणून त्याचा चेहरा परत बापासारखा करून टाकला, एवढंच.

आणि ज्यानं मला रात्री झोपू दिलं नाही ते शेवटी सांगते. आपल्या ‘गेला’मधला जो ‘गम्’ आहे, तोच इंग्रजीत ‘कम’ आहे. येणे या अर्थाचा ‘कम’! संस्कृतच्या ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘क’ येतो. गो म्हणजे गाय, इंग्रजीत ‘काउ’. युग म्हणजे जू, इंग्रजीत ‘योक’. तसंच ‘गम्’ आणि ‘कम’. हे ध्वनिबदल जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमात बसवून दाखवले. एकाच मुळापासून निघालेला शब्द आपल्याकडे जाऊ लागला आणि तिकडे येऊ लागला.

तुमच्या घरातली मुलं असं काय काय बोलतात, तुमच्या बोलीत ही रूपं कशी आहेत, ते लिहा. इंग्रजीच्या जाणकारांनी माझं काही चुकलं असेल तर नक्की सांगा.

खडूफळा

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. आठवीच्या वर्गात दरवर्षी हाच प्रश्न यायचा, फक्त क्रियापद वेगळं. "बाई, धातू दृश् आहे, मग वर्तमानकाळात पश्यति कसं? दृशति का नाही?" मुलांना दृश्-पश्यति, स्था-तिष्ठति, पा-पिबति असं घोकायला लावायचे तेव्हा मला त्यांची दया यायची.

पण आपल्याकडे या गोष्टीला नुसतं ‘अपवाद’ म्हणून सोडून दिलेलं नाही, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. पाणिनीनं त्यासाठी ‘आदेश’ ही संकल्पनाच उभी केली. एकाला उठवून त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायचं, तो आदेश. जाणे या अर्थाचा ‘इण्’ धातू घ्या. लुङ् या भूतकाळात त्याच्या जागी ‘गा’ येतो, ‘इणो गा लुङि’. म्हणजे जाण्याच्या क्रियापदाला भूतकाळात दुसऱ्याचं रूप घ्यावं लागतं, हे पाणिनीनं चार शब्दांसुद्धा न खर्च करता लिहून ठेवलंय. तुमच्या मुलाचा प्रश्न तोच आहे.

दुसरं सूत्र आहे ‘अस्तेर्भूः’. ‘अस्’ म्हणजे असणे. त्याची काही रूपं होतच नाहीत, तिथे ‘भू’ येऊन बसतो. आता इंग्रजीत ‘असणे’ बघा. ‘इज’ म्हणजे आपला अस्ति. ‘अॅम’ म्हणजे अस्मि. ‘बी’ म्हणजे भू. जोडी तीच! आणि ‘वॉज’ हा तिसऱ्या घरातला, आपल्या ‘वस्’चा नातलग, ज्यावरून वस्ती, निवास, वसतिगृह हे शब्द आले. तिथे राहणं म्हणजे तिथे असणं, एवढाच प्रवास. मराठीतही ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’ आहे, आणि ‘होणे’ भू-भवति-होइ असं आलेलं आहे. मी ‘अस्तेर्भूः’ शिकवताना इंग्रजीचं हे उदाहरण फळ्यावर लिहायचे. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

रंकाळा

आमच्याकडं कोल्हापुरात ‘घेटलं’, ‘बघिटलं’ म्हणत्यात. ‘गेलतो’, ‘आलतो’ तर सगळेच म्हणत्यात. पुण्यात शिकायला गेलतो तेव्हा ह्यावरून लई बोलणी खाल्ली. म्हणून विचारतो, ‘करला’ चूक, ‘घेटलं’ चूक, मग बरोबर कोण ठरवतंय? ‘वेन्ट’ पण पयल्यांदा कुणीतरी चूकच म्हटलं असणार की.

ओसरीवरून

रंकाळा दादा, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो. ज्यांच्या तोंडी आयुष्यभर ‘योद’ होतं त्या म्हाताऱ्यांना नातवंडांच्या तोंडचा ‘वेन्ट’ कानाला टोचला असेलच. ‘गेलतो’ हे तर ‘गेलो होतो’चं झिजलेलं रूप आहे, आणि झिजण्याची रीत तीच, जिनं ‘गत’चा ‘गेला’ केला. मी त्याला चूक म्हणणार नाही. शाळेच्या पेपरात काय लिहायचं आणि घरी काय बोलायचं हे मुलाला वेगवेगळं सांगता येतं.

गोंयकार

आमच्या कोंकणीत आणखी एक मजा आहे. आम्ही ‘जा’ म्हणत नाही, ‘वच’ म्हणतो. ‘हांव वतां’ म्हणजे मी जातो. क्रियापद ‘वचप’. पण काल गेलो म्हणायचं तर ‘हांव काल गेलों’. म्हणजे मराठीत ‘जा’ आणि ‘गेला’, आमच्यात ‘वच’ आणि ‘गेलो’. वर्तमानकाळाचे भाऊ वेगळे, पण भूतकाळात दोघांकडे ‘गम्’च पाहुणा आला. ‘वच’ संस्कृतच्या ‘व्रज्’वरून आलं, प्राकृतात ‘वच्चइ’ होतं. परिव्राजक म्हणजे फिरता संन्यासी, त्यातही तोच शब्द आहे.

आणि हे फक्त आमचं नाही हां. जुन्या मराठीतही ‘वचणे’ होतं, जाणे या अर्थी. तुमच्याकडे ते पुसलं गेलं, आमच्या आजीच्या तोंडी राहिलं. लहानपणी मडगावला दुपारी दंगा केला की आजी ‘वच भायर’ म्हणून परसात हाकलायची. तेव्हा कुठे माहीत होतं की हा शब्द एवढा जुना आहे.

ओसरीवरून

दादा, हे मला ठाऊकच नव्हतं! म्हणजे ‘गेला’ ठाम बसलाय आणि समोरचा जोडीदार बदलत राहिलाय. इंग्रजीत उलटं झालं, ‘गो’ जागेवर राहिला आणि भूतकाळ बदलला. पुन्हा पुन्हा वाचतेय तुमचा प्रतिसाद.

सरळरेषा

माहिती चांगली आहे, पण एक काळजी मांडतो. सहा वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगून त्याचा गोंधळ नाही का वाढणार? परीक्षेत त्याला ‘वेन्ट’च लिहायचंय. माझ्या मुलीला मी प्रत्येक शब्दाचं ‘का’ सांगत बसलो आणि ती पाठांतरात मागे पडली, म्हणून बोलतोय. दुसरं असं की एवढ्या शतकांत ही अनियमित रूपं लोकांनी सरळ का केली नाहीत? ‘हेल्प’चं ‘हेल्प्ड’ होतं तसं ‘गो’चं का झालं नाही?

आकडेमोड

सरळरेषा, तुम्ही नेमकं ‘हेल्प’चंच उदाहरण घेतलंत! ‘हेल्प’ पूर्वी अनियमित होतं. त्याचा भूतकाळ ‘होल्प’ होता. ‘क्लाइम’चा ‘क्लोम’ होता. ती सरळ झाली. ‘गो’ झालं नाही, आणि त्याचं कारण मोजून दाखवलेलं आहे.

२००७ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांचा एक लेख ‘नेचर’मध्ये आला होता. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मधल्या काळातल्या इंग्रजीत त्यातली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ उरली आहेत. कुठली सरळ झाली आणि कुठली टिकली हे त्यांनी वापराशी ताडून पाहिलं. एखादं क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगानं सरळ होतं. इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं काढली तर दहाही अनियमित आहेत. बी, हॅव, डू, गो, से ही त्यातलीच.

कारण साधं आहे. जो शब्द वर्षातून दोनदा लागतो, त्याचा भूतकाळ आठवला नाही की माणूस नियम लावून मोकळा होतो. जो दिवसातून पन्नास वेळा लागतो तो विसरायला वेळच मिळत नाही. तुळशीपुढची पायवाट बुजत नाही, तसं. मराठीतही बघा, वाकडी रूपं कुठे आहेत? जाणे, येणे, करणे, मरणे, खाणे, पिणे, घेणे, देणे, म्हणणे. सगळी घरातली, रोजची. ‘नियोजणे’ किंवा ‘धिक्कारणे’चा भूतकाळ कुणाला घोकावा लागत नाही.

मुलांच्या बाबतीत सांगायचं तर ‘गोएड’ ही मागे पडल्याची खूण नाही. बहुतेक मुलं आधी ऐकलेलं ‘वेन्ट’ बरोबर म्हणतात, मग मध्येच एक दिवस ‘गोएड’ म्हणायला लागतात, आणि नंतर पुन्हा ‘वेन्ट’वर येतात. मधला टप्पा म्हणजे डोक्यात नियम तयार झाल्याची पावती. १९५८ मध्ये जीन बर्को या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं, त्याला नाव दिलं ‘वग’. मग दोन पक्षी दाखवून विचारलं, आता इथे दोन काय आहेत? तो शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी ती ‘वग्ज’ म्हणाली. पाठांतरातून हे येऊच शकत नाही. तुमच्या मुलीला ‘का’ सांगितलंत त्यानं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही.

सरळरेषा

पटलं. ‘होल्प’ माहीत नव्हतं. मुलीला आज हेच सांगून बघतो. मराठीत मात्र आमच्या घरी ‘पिला’ की ‘प्यायला’ यावरून अजून वाद आहे. बायको नगरची, ती ‘पाणी पिलं’ म्हणते आणि आई तिला ‘प्यायलं’ म्हणायला लावते. आकडेमोड यांच्या हिशेबानं बायकोचंच रूप उद्याचं दिसतंय.

दावणीपाशी

मी जनावरांचा डॉक्टर आहे, भाषेचा नाही. पण ‘वेन्ड’ म्हणजे वळवणे हे वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटली.

आम्हाला कॉलेजात ‘ड्रेन्च’ शिकवतात. म्हणजे गायीम्हशीला तोंडानं पातळ औषध पाजणे. बाहेरच्या जगात ‘ड्रेन्च’ म्हणजे चिंब भिजणे. मला कायम प्रश्न पडायचा की पाजण्याचा आणि भिजण्याचा काय संबंध. एकदा जुन्या शब्दकोशात बघितलं तेव्हा कळलं की ‘ड्रेन्च’ हे ‘ड्रिंक’पासूनच झालेलं आहे. ड्रिंक म्हणजे पिणे, ड्रेन्च म्हणजे पाजणे! मूळ अर्थ आमच्याच धंद्यात शाबूत राहिला, बाकीच्यांकडे तो पाजण्यावरून बुडवण्यावर आणि तिथून भिजवण्यावर गेला.

मग तशा जोड्या शोधायचा नादच लागला. फॉल म्हणजे पडणे, आणि झाड पाडणे याला ‘फेल’. सिट म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपलं पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे असतं ना, अगदी तसंच. आतला स्वर बदलला की स्वतः करणाऱ्याचा दुसऱ्याकडून करवून घेणारा होतो. ‘वाइन्ड’ म्हणजे वळणे, गुंडाळत जाणे, आणि ‘वेन्ड’ म्हणजे वळवणे, हीसुद्धा त्यातलीच जोडी असणार. बरोबर ना ताई?

लहानपणी वडील बैलाला औषध पाजायचे ते बांबूच्या तिरक्या कापलेल्या नळीनं. बैलाची मान वर धरायची, गालाच्या कडेनं नळी आत सरकवायची आणि थोडं थोडं ओतायचं. एकदम ओतलं तर ठसका लागून औषध फुप्फुसात जातं. मी नळी धरायचो. आता प्लास्टिकची बाटली वापरतो, पण ‘ड्रेन्च’ शब्द लिहिताना अजून ती नळीच दिसते.

ओसरीवरून

अगदी बरोबर, डॉक्टर. वेन्दन हे विन्दनचं, म्हणजे जुन्या ‘वाइन्ड’चं, करवून घेणारं रूप, पाडणे हे पडणेचं असतं तसं. ‘पिणे-पाजणे’ आणि ‘ड्रिंक-ड्रेन्च’ ही जोडी मी आता कधी विसरणार नाही.

दूरदेशी

स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनजवळ राहतो. सोळा वर्षं झाली. आमच्या शेजारच्या आजी स्थानिक बोली बोलतात, त्यांच्या तोंडी मी ‘गेड’ ऐकलंय. ‘शी गेड हेम’, म्हणजे ती घरी गेली. त्यांच्याकडे ‘गो’ला ‘गे’ म्हणतात, त्याचा भूतकाळ ‘गेड’. पहिल्यांदा मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. म्हणजे ओसरीवरून ताईंच्या मुलानं केलं तेच स्कॉटलंडच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी करून टाकलंय. त्याला सांगा, तो ‘गोएड’ म्हणाला तर इथल्या आजींना समजेल!

माझी मुलगी शाळेत फ्रेंच शिकते. तिथे तर जाण्याच्या क्रियापदात तीन घरं आहेत. मी जातो ‘ज व्हे’, आम्ही जातो ‘नू झालों’, मी जाईन ‘जिरे’. ऐकून तिन्ही एकाच क्रियापदाची वाटतच नाहीत. ती रडकुंडीला आली होती, तेव्हा मी तिला मराठीतलं जा-गेले दाखवलं. शनिवारच्या मराठी वर्गात ती हे अडखळत शिकली होती, त्यामुळे पटकन पटलं तिला.

आणखी एक. इथे आल्यावर सुरुवातीला ऑफिसात मी एका सहकाऱ्याबद्दल म्हणालो, ‘ही हॅज गॉन टु लंडन.’ सगळ्यांनी त्याच्या बैठका रद्द केल्या, कारण त्यांना वाटलं तो अजून तिकडेच आहे. तो तर माझ्या मागच्या टेबलावर बसला होता. मला म्हणायचं होतं, तो लंडनला जाऊन आलाय. इंग्रजीत त्याला ‘हॅज बीन’ लागतं. ‘गेलाय’ म्हणजे ‘हॅज गॉन’ आणि ‘जाऊन आलाय’ म्हणजे ‘हॅज बीन’, हे मला मराठीतूनच लक्षात ठेवता आलं, व्याकरणाच्या पुस्तकातून नाही. नवीन येणाऱ्या मराठी मुलांना मी हेच सांगतो.

आजोळ

जाण्या-येण्यावरून आठवलं. आमच्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणायची बंदीच होती. ‘येतो’ म्हणायचं. चुकून ‘जाते गं आई’ म्हटलं की आई उंबऱ्यातून हाक मारून परत बोलवायची आणि ‘येते’ म्हणवून घ्यायची. दूरच्या प्रवासाला तर हातावर दही-साखर देतानाही तेच. कारण ‘गेला’ म्हटलं की दुसराच अर्थ निघतो. तो तर ‘वारला’, ‘निवर्तला’पेक्षाही रोजच्या बोलण्यात जास्त आहे. ‘अमके गेले’ एवढं म्हटलं की पुढे ‘कुठे’ असं कुणी विचारत नाही.

मी काही वर्षं चेन्नईत होते. तिथल्या शेजारणी निघताना ‘पोयिट्टु वरेन’ म्हणायच्या, म्हणजे जाऊन येते. नुसतं ‘पोरेन’ म्हटलेलं त्यांनाही चालायचं नाही. कन्नडमध्येही ‘होगि बरुत्तेने’ म्हणतात, तसंच जाऊन येते. भाषेचं कूळ वेगळं, पण उंबऱ्यातली भीती तीच.

म्हणून ‘गम्’ आणि ‘कम’ एकच हे वाचल्यावर अंगावर काटा आला. आम्ही इकडे दारात उभं राहून जाण्याला येणं म्हणतोय.

गोंयकार

आमच्यातही ‘येतां हां’ म्हणूनच उठतात, आजोळ ताई. ‘वतां’ म्हणून कुणी उठलं तर ते रागावून चाललंय असं वाटतं.

पूर्णविराम

एक राहिलं. ‘वेन्ट’ दत्तक आला हे कळलं. मग ‘गॉन’ कुठून आला? तो तर ‘गो’सारखा दिसतो. ‘गो’ला स्वतःचं काहीच नव्हतं असं नाही ना?

ओसरीवरून

माझ्या मुलानं काल हेच विचारलं! आधी त्याला जे सांगितलं ते सांगते. गादीवर पडल्या पडल्या मी त्याला म्हटलं, फार वर्षांपूर्वी दोन शब्द होते. एकाचं काम जायचं, दुसऱ्याचं काम वाट वळवायची. पहिल्याचा मुलगा अशक्त होता, म्हणून त्यानं दुसऱ्याचा मुलगा आपल्या घरी आणला. त्याचं नाव वेन्ट. "आणि दुसऱ्याचं काय झालं?" असं त्यानं लगेच विचारलं. म्हटलं, त्याला नवीन मुलगा झाला, वेन्डेड. त्याचं समाधान झालं. मग मी त्याला जा आणि गेला सांगितलं, तर उठून बसला. "म्हणजे आपण पण?" म्हणाला. दहा मिनिटं त्याच्या जोड्या चालल्या होत्या. ये-आला, कर-केला, खा-खाल्ला. ‘पिणे’वर अडकला, त्याला मी ‘प्यायला’ आणि ‘पिला’ दोन्ही सांगितली. सरळरेषा, तुमच्या घरच्या वादात मी पडणार नाही, पण दोन्ही सांगितली.

आणि मग तो म्हणाला, "पण आई, गॉनमध्ये गो आहे."

पूर्णविराम, ‘गॉन’ हा ‘गान’चा स्वतःचाच. खालसा झाला तो फक्त साधा भूतकाळ. ‘जाऊन बसलेला’, ‘गेलेला’ या अर्थाचं रूप ‘गान’पासूनच होत होतं आणि तेच आज ‘गॉन’ म्हणून टिकलंय. म्हणून इंग्रजीत ‘ही वेन्ट’ पण ‘ही हॅज गॉन’. काही इंग्रजी बोलींमध्ये ‘हॅज वेन्ट’ असंही म्हणतात, म्हणजे दत्तक आलेला तिथेही हातपाय पसरतोय. आपल्याकडे मात्र ‘गेला’, ‘गेलाय’, ‘गेलेला’ ही सगळी कामं एकट्या ‘गम्’कडे आहेत.

खडूफळा बाई, ‘अस्तेर्भूः’ माझ्या वहीत लिहून घेतलंय. ‘वॉज’ आणि ‘वस्ती’ त्याला रविवारी सांगेन म्हणते. वहीतली उरलेली चार ‘वेन्ट’ त्यानं आज सकाळी लिहिली, शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात ‘वेन्ड’ही लिहिलंय. बाई त्यावर काय लिहितात ते उद्या कळेल, इथे सांगते.